मास्तरांची छत्तीस इंची कंबर

मास्तरांची कंबर छत्तीस होती. लग्नात छत्तीस होती, मुलगी झाली तेव्हा छत्तीस होती, ती मुलगी लग्न होऊन परगावी गेली तेव्हाही छत्तीसच होती. डोक्यावरचे केस गेले, दोन दाढा गेल्या, चष्म्याचा नंबर कितीदा तरी बदलला, पण कंबर जागची हलली नाही. हे ते चारचौघांत अभिमानाने सांगत, आणि सांगणारा स्वतःच टेलरमास्तर असल्यामुळे त्यावर शंका घ्यायची कोणाची टाप नव्हती.

म्हणूनच मूत्रपिंडांच्या डॉक्टरीणबाईंनी संगणकाच्या पडद्यावर 'कंबर ३६' असं वाचलं, मान वर करून मास्तरांकडे पाहिलं, परत पडद्याकडे पाहिलं आणि खण उघडून टेप काढली, तेव्हा मास्तरांना तो सरळ सरळ धंद्यावरचा हल्ला वाटला. त्यात या डॉक्टरीणबाईंचं प्रकरण आधीच नाजूक. त्या शाळेत होत्या तेव्हा त्यांचे गणवेश मास्तरांनीच शिवले होते. जिच्या फ्रॉकचा घेर आपण ठरवला, तिने मोठं होऊन आपला घेर मोजायला उठावं, हे काही बरं दिसत नाही.

"मास्तर, शर्ट जरा वर घ्या."

"अगं, माप आहे की तिथे. बाहेरच्या खिडकीवर मीच सांगितलं."

"म्हणूनच म्हणते, वर घ्या."

त्यांनी टेप बरोबर बेंबीवरून फिरवली, मास्तरांना श्वास सोडायला लावला आणि म्हणाल्या, "चव्वेचाळीस."

आकडा ऐकून मास्तर हादरले हे खरं, पण त्याहून जास्त हादरले ते तो मोठ्याने उच्चारला गेला म्हणून. मास्तरांच्या दुकानात आजवर, त्यांचे स्वतःचे छत्तीस सोडले तर, कोणाच्याही कंबरेचा आकडा तोंडाने बोलला गेला नव्हता. टेप फिरवायची, "हं" म्हणायचं, आकडा मनात धरून पडद्यामागे जायचं आणि तिथे लिहायचा. गिऱ्हाईकाने फारच विचारलं तर "आहे तेवढीच आहे हो," इतकंच सांगायचं. बँकेतली ठेव आणि माणसाची कंबर या दोन गोष्टी तिसऱ्या कानाला कळू नयेत, असं त्यांचं ठाम मत होतं. इथे तर कोपऱ्यात नर्स उभी होती, दार अर्धवट उघडं होतं आणि शेजारी खुर्चीत खुद्द बायको बसली होती. बायको खिडकीबाहेर बघत होती. तिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं, हे लक्षात घ्यायला हवं.

"हे पोट मोजलंस तू," मास्तर म्हणाले. "कंबर खाली असते."

"खाली कुठे?"

"पँट बसते तिथे."

"आणि पँट कुठे बसते?"

मास्तरांनी बोट दाखवलं. पँट पोटाच्या पार तळाशी, उतार संपतो तिथे, कशीबशी टेकून होती. दर वर्षी ती गाजावाजा न करता थोडी थोडी खाली सरकत आली होती. कंबर हलली नव्हती हे खरंच होतं. तिचा पत्ता तेवढा बदलला होता.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "मास्तर, पाच गोष्टी असतात. पोटाचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, रक्तातली वाईट चरबी वाढणं आणि चांगली चरबी कमी होणं. यातल्या तीन जरी एकत्र आल्या, तरी आम्ही त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतो."

"माझ्या किती आल्या?"

"पाच."

पैकीच्या पैकी ऐकून मास्तरांना क्षणभर बरं वाटलं. शाळेत असताना हा योग कधी आला नव्हता.

"चांगलं नाहीये ते," डॉक्टरीणबाई घाईघाईने म्हणाल्या. "तुमची मूत्रपिंडं शंभरातलं पंचेचाळीसच काम करतायत. आणि मघाशी हातापायाला पट्टे बांधून जी तपासणी केली ना, ती तुमच्या रक्तवाहिन्यांची. त्या इलास्टिकसारख्या हव्यात, ताणल्या की परत जागेवर येणाऱ्या. तुमच्या कॉलरमधल्या कडक बकरमसारख्या झाल्यात. तुम्ही अठ्ठावन्नचे, त्या चौऱ्याहत्तरच्या. कडक नळीतून रक्त जोरात आदळतं आणि मूत्रपिंडातल्या बारीक वाहिन्या झिजतात. मूत्रपिंडं झिजली की रक्तदाब आणखी वाढतो, आणि वाहिन्या आणखी कडक होतात. गोल गोल चालतं हे."

"आणि नाही थांबलं तर?"

"तर काही वर्षांनी मशीन. रक्त धुवायला आठवड्यातून तीन वेळा. त्यासाठी डाव्या हातातल्या वाहिन्या एकमेकींना जोडाव्या लागतात. मग त्या हाताने जड काही उचलायचं नाही."

मास्तरांनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. उजव्या हाताने ते कात्री चालवत, आणि डाव्या हाताने इस्त्री. ती इस्त्री त्यांच्या वडिलांची होती, लोखंडी, वजनाला एखाद्या धाकट्या मुलाएवढी. डाव्या हाताने ती उचलायची, उजव्या हाताने कापड सरळ करायचं, हे इतकी वर्षं चाललं होतं की मास्तर झोपेतही डावा हात मूठ करून झोपत. तो हात गेला तर दुकान गेलं, आणि दुकान गेलं तर मास्तर म्हणून राहायचं काय?

"सहा महिने देते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळ्या वेळेवर, मीठ कमी, रोज चालणं, पोटाचा घेर खाली. आणि डाव्या हातात कोणाला सुई टोचू द्यायची नाही, त्या शिरा जपायच्या. पंचेचाळीसचे पन्नास होणार नाहीत मास्तर, पण पंचेचाळीस धरून ठेवता येतील."

दुसरा कोणी असता तर घरी जाऊन अंथरुणावर पडला असता. मास्तर मात्र बाहेर आले ते बाह्या सरसावून. एवढा मोठा आजार, त्याचं एवढं भारदस्त नाव, आणि उपाय काय, तर माप आठ इंच आत घ्यायचं! आत घेणं हा तर त्यांचा रोजचा धंदा. मास्तरांना आजाराआधी उत्साहाने गाठलं, आणि सांगायला वाईट वाटतं, पण पुढचं सगळं रामायण त्या उत्साहाचंच आहे.

सुरुवातीलाच दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईंनी खोडा घातला.

"संगणकात छत्तीस आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणता चव्वेचाळीस. एका दिवसात आठ इंच वाढ संगणक घेत नाही. तो म्हणतो, हा दुसरा माणूस आहे."

"अहो, मी तोच आहे!"

"मला दिसतंय. त्याला दिसत नाही ना. छत्तीसवाले आणि चव्वेचाळीसवाले एकच आहेत असं कोणाकडून तरी लिहून आणा."

शेवटी डॉक्टरीणबाईंनीच लिहून दिलं, की सदर दोन्ही कंबरा एकाच इसमाच्या आहेत. त्यावर शिक्का बसला. मास्तरांची अब्रू अशी सरकारी शाईत बुडून कपाटात गेली.

दुकानात आल्या आल्या त्यांनी गडद निळं कापड काढलं आणि एक पँट कापली. बेंबीवरून घालायची, कंबर बरोबर छत्तीस. "सहा महिन्यांनी ही घालून दवाखान्यात जाणार," त्यांनी जाहीर केलं, आणि ती शिवून दर्शनी भागात हँगरला लटकवली. बायको मागच्या खोलीत हूक लावत बसली होती. मास्तर कापायचे आणि शिवायचे, काजं, बटणं, हूक आणि शेवटचा हात बायकोचा, अशी त्यांची संसार मांडल्यापासूनची वाटणी. तिने दोऱ्याचं टोक दाताने तोडलं आणि म्हणाली, "आधी लोणच्याची बरणी फळीवरून खाली काढायचं बंद करा, मग पँटा कापा."

पण मास्तर आता ऐकण्यापलीकडे गेले होते. त्यांना ज्ञान झालं होतं, आणि नवीन ज्ञान झालेला माणूस घरात मावत नाही. दुसऱ्या दिवसापासून ते येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाची कंबर बेंबीवरून मोजायला लागले. "माझं सोडा, तुमच्या वाहिन्या कशा आहेत?" असं खांद्याचं माप घेता घेता विचारायला लागले. एक शिक्षक नव्या शर्टासाठी आले होते. मास्तरांनी त्यांना चरबीचे दोन प्रकार समजावून सांगितले आणि चुकून बाह्या आखूड कापल्या. लग्नाचा सूट शिवायला आलेला एक नवरदेव बेंबीवरचा आकडा बघून इतका खचला की सूट आणि लग्न दोन्ही पुढे ढकलायची भाषा करू लागला. त्याच्या आईने मास्तरांना जे ऐकवलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

उलट ती निळी पँट मात्र लोकांच्या डोळ्यांत भरली. कॉलेजातली दोन पोरं येऊन म्हणाली, "मास्तर, ही उंच कंबरेची फॅशन आम्हालाही शिवून द्या." मास्तरांनी त्यांना ही फॅशन नसून व्रत आहे हे समजावलं. पोरं म्हणाली, "व्रताची दोन द्या."

आता गल्लीत बातमी पसरली म्हटल्यावर 'सल्लागार' यायचेच. सल्लागार हे त्यांचं टोपणनाव. विमा कचेरीतून निवृत्त झाल्यापासून ते समोरच्या ओट्यावर बसून येणाऱ्या जाणाऱ्याला फुकट सल्ला देत, आणि न मागता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटले, आणि खिशातून एक पुडी काढली.

"हलकं मीठ," ते कुजबुजले. "चव तीच, सोडियम निम्मं. आमची ही हेच वापरते. मीठ कमी करायचं म्हणाली ना तुमची डॉक्टरीण? मग कमी कशाला खायचं, हे खा भरपूर!"

मास्तर हर्षभरित झाले. विज्ञान आपल्या बाजूने आहे, ही भावना फार गोड असते. बायको "विचारून तरी घ्या" म्हणत राहिली, पण पाकिटावर हिरवं पान छापलेलं होतं, त्यापुढे कोणाला काय विचारणार? मास्तर भाजीवर घालायला लागले, काकडीवर घालायला लागले, ताकातही घालायला लागले.

मग मेव्हणा आला. मेव्हणा व्यायामशाळेत जात असे, म्हणजे निदान तिथली बनियन घालून फिरत असे. त्याने एक पावडरीचा डबा आणला आणि पोटाला बांधायचा विजेचा गरम पट्टा. "भाऊजी, पावडरीने चरबीचा स्नायू होतो आणि पट्ट्याने उरलेली वितळते." मास्तरांनी विचारलं, "वितळून जाते कुठे?" मेव्हण्याने यावर विचार केलेला नव्हता. पण मास्तरांचा उत्साह असा, की उत्तर मिळायच्या आत पट्टा बांधून झाला होता. पट्टा बांधून ते शिलाई मशीनवर बसले, तर मशीन आणि पट्टा पायाच्या एकाच पेडलला जोडलेले असल्यामुळे ते दाबलं की पोटाला चटका बसे. त्या दिवशीची शिलाई आजही काही लोकांच्या अंगावर आहे, आणि ती सरळ नाही.

काही दिवसांनी रक्त तपासायला दिलं, आणि मास्तर घरी पोचतात न पोचतात तोच दवाखान्यातून फोन. "असाल तसे या. पोटॅशियम वाढलंय." असाल तसे म्हणजे पट्ट्यासकट. छातीला वायरी लावून हृदयाचा आलेख काढायचा म्हणून नर्सने शर्ट उघडला, तर आतून विजेचा पट्टा निघाला. तिने भीतीने एक पाऊल मागे घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना पलंगावर ठेवून घेतलं, औषध दिलं, पुन्हा रक्त तपासलं आणि सगळं ठीक झाल्यावर मग रागावल्या. ज्याला रागावणं म्हणतात ते हे, असं मास्तरांना त्यांच्या शाळेतल्या बाईंनंतर प्रथमच जाणवलं.

"त्या हलक्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं! चांगल्या मूत्रपिंडांना ते बाहेर टाकता येतं, तुमच्या नाही. हृदय बंद पडलं असतं, मास्तर! आणि ती पावडर म्हणजे मूत्रपिंडांवर ओझं, आणि पट्ट्याने घाम गाळून त्यांना कोरडं पाडायचं! यापुढे मला विचारल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही आणि पोटाला काही बांधायचं नाही."

"पाणी चालेल का?" मास्तरांनी अगदी लीनतेने विचारलं.

बाहेर बाकावर बायको बसली होती. तिने पदराला डोळे पुसले होते हे मास्तरांना दिसलं. ती बोलली मात्र एवढंच: "चला." घरी येऊन तिने हलकं मीठ, पावडर आणि पट्टा एका पिशवीत भरून ओट्यावर सल्लागारांच्या मांडीवर नेऊन ठेवलं. सल्लागार म्हणाले, "मी आपला सल्ला दिला होता वहिनी, आग्रह नव्हता केला." वहिनींनी नुसतं पाहिलं. सल्लागार त्यानंतर कितीतरी दिवस दुसऱ्या ओट्यावर बसत होते.

एवढ्याने कोणीही सुधारला असता. पण मास्तरांना दुखावलेल्या प्रतिष्ठेने पछाडलं होतं. मधल्या तपासणीची तारीख जवळ आली, निळी पँट हँगरवर हसत होती आणि पोट होतं तिथेच होतं. आणि मग एका दुपारी, कोटाला बकरम लावता लावता, मास्तरांच्या डोक्यात प्रकाश पडला. पोटाला काही बांधायचं नाही म्हणाली आहे. शिवायचं नाही असं कुठे म्हणाली?

हा कारागिरीचा मोह होता, यात पाप असं नव्हतं, असं मास्तरांचं म्हणणं. माणसाला आहे त्यापेक्षा बरा दाखवणं हेच तर शिंप्याचं काम! पडलेले खांदे त्यांनी भरून काढले होते, वाकलेल्या पाठी सरळ केल्या होत्या. तर त्यांनी एक बंडी शिवली. दुहेरी कापड, आत बकरमच्या उभ्या पट्ट्या, पाठीला दोन ओळी काजं आणि त्यांतून आवळायची दोरी. शिलाई अशी, की एखाद्या प्रदर्शनात ठेवावी. बायकोने दोरी आवळायला साफ नकार दिला. म्हणून मेव्हण्याला बोलावलं. मेव्हण्याने मास्तरांच्या पाठीला पाय लावून दोरी ओढली, आणि व्यायामशाळेत गेल्याचा त्याला आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला.

मास्तर दवाखान्यात गेले ते आकाशाकडे बघत, कारण मान खाली होत नव्हती. खिडकीवरच्या बाईंनी "कसं वाटतंय?" विचारलं, तर उत्तर द्यायला हवा पुरली नाही. नर्सने घाईत शर्टावरूनच टेप लावली. "अडतीस!" ती आनंदाने ओरडली. मास्तरांनी डोळ्यांनीच 'बघितलंत?' असं विचारलं. मग तिने रक्तदाब घेतला आणि तिचा आनंद मावळला. पुन्हा घेतला. यंत्र बदललं. मास्तरांचा चेहरा एव्हाना जांभळ्याकडे झुकत होता.

"आडवे व्हा, काका. हातापायाला पट्टे लावायचेत."

मास्तर आडवे होऊ शकत नव्हते. ते वाकतच नव्हते. नर्सने आणि वॉर्डबॉयने त्यांना फळीसारखं उचलून ठेवलं. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आत आल्या आणि नेहमीच्या सवयीने म्हणाल्या, "एक मोठा श्वास घ्या, मास्तर."

मास्तर आज्ञाधारक होते. त्यांनी घेतला.

पहिला आवाज दोरी तुटल्याचा होता. दुसरा शर्टाच्या बटणांचा. एक बटण दिव्याला लागून खाली आलं, एक नर्सच्या ट्रेमध्ये पडलं, आणि पोट माहेरी आल्यासारखं हातपाय पसरून मोकळं झालं.  डॉक्टरीणबाईंनी ती फाटकी बंडी उचलली, उलटून पाहिली, बकरमवरून बोट फिरवलं.

"शिलाई सुरेख आहे, मास्तर," त्या म्हणाल्या.

"सवय आहे."

"पण फसवलंत कोणाला? मला फसवून काय मिळणार? पोटाच्या आत जी चरबी आहे ती नुकसान करते, बाहेर टेप किती दाखवते त्यावर तुमची मूत्रपिंडं चालत नाहीत. ती टेप बघतच नाहीत." त्यांचा आवाज खाली आला. "तुम्ही माझ्या गणवेशाखाली नेहमी चार बोटं कापड दुमडून ठेवायचात. आई विचारायची, एवढं कशाला? तुम्ही म्हणायचात, पोरगी वाढणार आहे. मलाही तसंच वाटतं, मास्तर. तुमच्याकडे अजून पुष्कळ वर्षं दुमडून ठेवलेली आहेत. ती उसवू नका."

मास्तरांना यावर "हं" म्हणायचं होतं. त्याऐवजी ते खाली वाकून आपली बटणं वेचू लागले. 

 दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बायकोने मास्तरांच्या पायांपुढे चपला ठेवल्या आणि दार उघडून उभी राहिली. त्या दिवसापासून दोघं रोज चालायला जाऊ लागली. नदीकाठच्या रस्त्याने जायचं आणि बाजारातून परत यायचं. लोणच्याची बरणी मुलीकडे रवाना झाली, पाव आणि खारी बिस्किटं घरात येईनाशी झाली. गोळ्या बायको हातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. मास्तरांना गोळी गिळल्यावर तोंड उघडून दाखवावं लागे.

चार दिवस ठीक गेले. मग मास्तरांना परिणाम हवा झाला. रोज सकाळी ते पँट चढवत, हूक लावत आणि कंबरेत बोट घालून बघत. बोट आत जाईना. आज नाही, उद्या नाही, महिन्याने नाही.

"टेप लावून बघतो," ते एकदा म्हणाले.

"टेपला हात लावलात तर मी माहेरी जाईन," बायको म्हणाली. या वयात, आणि माहेरी कोणी उरलेलं नसताना दिलेली ही धमकी मास्तरांना फारच गंभीर वाटली. त्यांनी टेप लावली नाही. पण पँट तर रोज अंगावर होती, आणि तिच्याइतकी खरी साक्ष कोणाची असणार? ती जशीच्या तशी बसत होती. न सैल, न घट्ट. मास्तर चालत राहिले खरे, पण चालता चालता डाव्या हाताची मूठ उघडून बघू लागले. दुकानात इस्त्री उचलताना मध्येच थांबू लागले. निळी पँट त्यांनी हँगरवरून काढून घडी घालून कपाटात ठेवली, आणि कॉलेजातल्या पोरांना सांगितलं की ती फॅशन गेली.

सहा महिने संपले. दवाखान्यात जायच्या सकाळी मास्तरांनी इस्त्री पुसून जागेवर ठेवली, आणि बायकोला म्हणाले, "आकडा ऐकायचा काही उत्साह नाही गं. मला कळलेलाच आहे." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी उत्साह नाही असं म्हटलं होतं.  तिने त्यांचा शर्ट मागून सारखा केला.

नर्सने बेंबीवरून टेप फिरवली. आधी बनियनखाली हात घालून आत काही शिवलेलं नाही ना याची खात्री केली. मग म्हणाली, "साडेएक्केचाळीस."

"चुकतेस तू, बाळ," मास्तर म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी स्वतः मोजलं. "साडेएक्केचाळीसच."

"तुमची टेप ताणली गेलीय. जुनी टेप ताणते, मला विचारा." मास्तर आता इरेला पेटले होते. "माझी पँट रोज तश्शीच बसते! अर्धा इंच जरी कमी झालं असतं तर मला कळलं नसतं? आयुष्य गेलं माझं यात. अडीच इंच म्हणजे पँट गळून खाली आली असती!"

यावर डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडल्या. टेपकडे बघितलं, पँटकडे बघितलं. मग त्यांचं लक्ष खुर्चीकडे गेलं. मास्तरांची बायको खिडकीबाहेर बघत होती. तिथे आजही बघण्यासारखं काही नव्हतं.

"काकू?"

"मी आत घेतली," ती म्हणाली.

"काय आत घेतलंस?" मास्तर म्हणाले.

"पँट. सगळ्या पँटा. दर थोड्या दिवसांनी, तुमची अंघोळ चालू असताना. मागची शिवण उसवायची आणि जरा आत घ्यायची."

"मागची शिवण?" मास्तरांचा हात आपोआप मागे गेला. गावातल्या कोणाच्याही पँटेची शिवण ते रस्त्यापलीकडून ओळखत. स्वतःची मात्र पाठीमागे होती.

"पण का?"

"तुम्हाला कळलं असतं की उतरतंय, तर तुम्ही खूश झाला असतात." तिने आता त्यांच्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही खूश झालात की काहीतरी नवीन काढता. मीठ काढलंत, पट्टा काढलात, बंडी काढलीत. त्या दिवशी तुम्हाला वायरी लावल्या होत्या आणि मी बाहेर बसले होते. म्हटलं, आता यांना अजिबात खूश होऊ द्यायचं नाही. नुसतं चालायला लावायचं."

नर्स भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

मास्तरांच्या डोक्यात मात्र दुसरंच चक्र फिरायला लागलं होतं. कारागीर माणूस, शिवणीचा विषय निघाला की त्याला पूर्ण हिशेब लागतो. "थांब. आत घेतलीस म्हणजे आत घ्यायला आधी जागा होती. मी तर छत्तीसच कापतो माझी. लग्नापासून."

बायकोने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"शिवण उसवून किती सैल सोडली होतीस?"

"एकदम नाही सोडली. दर वर्षी थोडी थोडी. तुम्ही मागे भरपूर कापड ठेवता ना." ती क्षणभर थांबली. "छत्तीस म्हणताना तुमचा चेहरा कसा फुलायचा! कोण मोडणार ते. पण आत घेताना जास्त बरं वाटत होतं. एकदा तर टाका घालता घालता रडूच आलं मला."

मास्तर उभे होते, शर्ट वर धरलेला, पोट उघडं. छत्तीस इंची कंबर इतकी वर्षं त्यांची नव्हतीच. ती बायकोने शिवून दिलेली होती. त्यांना राग यायला हवा होता, आणि तो शोधूनही सापडेना.

डॉक्टरीणबाईंनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "रक्तदाब उतरलाय. साखर सुधारलीय. वाहिन्या चौऱ्याहत्तरच्या होत्या, आता बहात्तरच्या. आणि मूत्रपिंडं बघा."

"किती?"

"पंचेचाळीस."

"वाढली नाहीत."

"वाढत नसतात. पण एकानेही खाली आली नाहीत, मास्तर. इस्त्री उचला बिनधास्त. असंच चालू ठेवा, काकूंच्या ताब्यात."

मास्तरांनी डावा हात पुढे धरला, मूठ मिटली, उघडली. मग त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या हातातली टेप घेतली. स्वतःच्या हाताने ती बेंबीवरून फिरवली, श्वास सोडला, चष्मा वर करून आकडा वाचला. अर्धा इंचही इकडे तिकडे नव्हता. टेप तशीच पोटाला धरून त्यांनी दार उघडलं आणि बाहेर आले. बाहेर बाकांवर दाटीवाटीने लोक बसले होते, खिडकीवर रांग होती.

"साडेएक्केचाळीस!" मास्तर ओरडले.

सगळे दचकून बघायला लागले. बायको मागून लगबगीने आली आणि त्यांचा शर्ट खाली ओढू लागली. "अहो, हळू! लोक ऐकतायत."

"ऐकू देत की! साडेएक्केचाळीस! बेंबीवरून! बायकोने उतरवली!"

खिडकीवरच्या बाईंनी संगणकात आकडा टाकला आणि कपाळाला हात लावला. "काका, परत लिहून आणावं लागणार. आता हा तिसरा माणूस झाला."

"आणतो की," मास्तर म्हणाले, आणि डॉक्टरीणबाईंच्या दाराकडे इतक्या जोरात निघाले की मागच्या शिवणीतले बायकोचे घाईचे टाके सुटून त्यांची पँट खाली घसरली, आणि ती धरायला बायको मागे धावली.